गळ्याचा वाटा

चिंचखडीत पहिला दात पडला तो सरपंचाचा, आणि पाडला तो त्याच्या बायकोनं. पितळी तांब्यानं. आमटी खारट झाली, एवढंच सरपंच दत्तू मोटे म्हणाले होते. त्यानंतरच्या सात महिन्यांत गावात बारा डोकी फुटली, चार हात मोडले, एका दिराचा कान शिवावा लागला. बायकांच्या अंगातलं उतरवायला आणलेल्या देवऋष्याला तिघींनी मिळून उकिरड्यावर असं तुडवलं, की तालुक्याच्या दवाखान्यात त्यानं मला पडल्या पडल्या हात जोडले. म्हणाला, "मॅडम, ह्ये आमचं काम न्हाई. ह्ये तुमचं हाय."

देवऋषी खोटं बोलून पोट भरणारा असला, तरी एवढं एक त्याला बरोबर कळलं होतं.

मी डॉक्टर हेमलता ढोबळे. ग्रंथींच्या आजारांवर तीस वर्षं संशोधन करते आणि सोलापुरात शिकवते. वय छप्पन्न, तोंड फटकळ. दोन हजार एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात मला जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र आलं, की चिंचखडी येथील महिलांच्या आक्रमकतेची कारणमीमांसा करावी. आमच्या सरकारला कारणमीमांसा हा शब्द फार आवडतो. मी तपासणीचं यंत्र घेतलं आणि माणदेशाच्या त्या उजाड माळावर जाऊन शाळेच्या एका खोलीत बस्तान मांडलं.

पहिल्याच सकाळी माझ्यासमोर येऊन बसली ती जयमाला गोरड. वय अडतीस, शेळ्या पाळणारं घर. गालांची हाडं वर आलेली, डोळे वटारल्यासारखे मोठे. तिनं हात पुढे केला तर बोटं थरथरत होती. नाडी मोजली, मिनिटाला एकशे छत्तीस. बसलेल्या बाईची नाही, ऊर फुटेस्तोवर पळणाऱ्या बाईची.

"नवऱ्याचा हात तूच मोडलास ना?" मी विचारलं.

"व्हय. मुसळानं. त्यांनी पट्टा काढला हुता." ती खाली बघत म्हणाली. "त्येचं काय न्हाई मॅडम. पट्टा चौदा वर्सं निघतुया. पर परवा म्या पोरीला मारलं. ईश्वरीला. नऊ वर्साची हाय. येणी घालताना हालली, म्हनून. कानातनं रगात आलं तिच्या." तिनं माझं मनगट धरलं. पकड अशी की मला कळ आली. "माज्यातलं ह्ये काडा. काय बी करा. आज कान फुटला, उद्या ती मरंल माज्या हातनं."

मी काढीन म्हणून शब्द दिला. डॉक्टरनं असा शब्द देऊ नये हे मी मुलांना शिकवते, पण तिच्या डोळ्यांकडे बघून दिला.

आता थोडं विज्ञान ऐका. कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. शरीराचं इंजिन किती वेगानं चालायचं हे ती ठरवते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. संकट आलं की लढायला लावायचं काम त्यांचं. दोन्हींचा रस रक्तात एकाच वेळी बेसुमार वाढला, तर माणसाची झोप उडते, काळीज धडधडतं, घाम फुटतो आणि क्षुल्लक कारणावरून तळपायाची आग मस्तकात जाते. चिंचखडीतल्या चौपन्न बायकांचं रक्त मी तपासलं. एकेचाळीस जणींमध्ये दोन्ही रस वाढलेले होते. तुलनेसाठी चाळीस पुरुषांचं तपासलं. चाळीसच्या चाळीस नॉर्मल. तो कागद मी बाजूला ठेवून दिला.

पण एक गोष्ट बसेना. ग्रंथी जास्त काम करत असेल, तर तिच्या कामाची एक खूण रक्तात सापडतेच. थायरोग्लोब्युलिन म्हणतात तिला. या बायकांच्या रक्तात ती जवळजवळ नव्हतीच. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या ग्रंथी गाढ झोपलेल्या होत्या, आणि रस बाहेरून येत होता. कुठून? एकाच आडातलं पाणी, एकाच दुकानातलं मीठ, एकाच गिरणीतलं पीठ. घरातली बाई पेटते आणि तिच्या शेजारी बसलेला नवरा थंड राहतो, असं कुठलं अन्न?

तीन आठवडे मी डोकं आपटलं. दर रविवारी कुणी ना कुणी मला जेवायला बोलवायचं. मटण असायचंच. गावात तेव्हा वृद्धी नावाच्या नव्या जातीचे बोकड आले होते. एका कंपनीनं जनुकं बदलून तयार केलेले, पाच महिन्यांत चाळीस किलोचे होणारे. चारा कमी, मांस दुप्पट. दुष्काळी गावाला देव पावल्यासारखं झालं होतं. आठवड्यातून तीनदा पाच-सहा घरं मिळून एक बोकड कापत आणि देवळामागे सारखे वाटे घालत. प्रत्येक वाट्यात सगळं थोडं थोडं. मी पाहुणी, त्यातून डॉक्टर, म्हणून माझं ताट पहिल्या पंगतीला, पुरुषांबरोबर. मऊ मांडीचे तुकडे, काळजाचा तुकडा, वर तरी. मी बोटं चाटत जेवले आणि तीन आठवडे मला काहीही दिसलं नाही. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी मूर्ख कधी ठरले नव्हते.

चौथ्या रविवारी गोरडांच्या घरी जेवण झाल्यावर पाणी घ्यायला मी आत गेले. दुपारचे अडीच वाजले होते. पुरुष बाहेर सुपारी कातरत होते. आत चुलीपाशी जयमाला आणि तिची सासू सोनाबाई पातेलं मध्ये घेऊन बसल्या होत्या. पातेल्याचा तळ भाकरीनं पुसणं चाललं होतं.

"तुम्ही काय खाताय?" मी विचारलं.

"उरल्यालं," सोनाबाई म्हणाल्या. "गळा हाय, गुरद्याभोवतीचं हाय, छाटन हाय. गड्यांस्नी ते आवडत न्हाई, चिवट लागतं. मंग आमी खातो. टाकायचं कसं?"

मी खालीच बसले. संध्याकाळच्या कालवणासाठी ठेवलेला कच्चा गळा आणि गुरद्याची चरबी मागून घेतली, आणि गळा विळीवर चिरला. बोकडाच्या गळ्यातली थायरॉइड एरवी बदामाएवढी असते. या वाट्यात आलेला तिचा तुकडाच आंब्याच्या कोयीएवढा होता. मूत्रपिंडाच्या चरबीत बोट घातलं, तर अधिवृक्क ग्रंथीचा तुकडाही सुपारीएवढा लागला.

उलगडा इतका सोपा होता, की मला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली. बोकड झपाट्यानं वाढावा म्हणून कंपनीनं त्याच्या ग्रंथी फुगवल्या होत्या. त्याचं काळीज आणि मेंदू त्या रसाला दाद देणार नाहीत, अशीही सोय करून ठेवली होती. म्हणून बोकड गरीब गाईसारखा उभा राहायचा. खाणाऱ्याच्या शरीरात मात्र तशी सोय नव्हती. हे रस शिजवून नष्ट होत नाहीत, पोटात पचूनही जात नाहीत. म्हणून तर थायरॉइडच्या रुग्णाला सकाळी गोळी गिळून भागतं. चिंचखडीच्या बायका आठवड्यातून तीनदा अशा दहा-दहा गोळ्या भाकरीबरोबर खात होत्या, कारण त्या शेवटी जेवत होत्या.

मंगळवारी देवळासमोर सभा घेतली. मी सगळं सांगितलं. गळा आणि गुरद्याची चरबी आजपासून बंद, कुत्र्यालाही घालायची नाही, खड्डा करून पुरायची. बायकांना काळजासाठी एक गोळी. बाहेरचा रस एकदम थांबला, तर त्यांच्या झोपलेल्या अधिवृक्क ग्रंथींना तो लगेच बनवता येणार नाही आणि जीव जाईल, म्हणून त्याच रसाची दुसरी गोळी, हळूहळू कमी करत न्यायची. दोन महिन्यांत सगळ्या बऱ्या होतील.

पुरुषांमध्ये केवढा तरी हशा पिकला. सुटल्याचा हशा होता तो. सरपंच पडलेल्या दाताच्या खिंडीतून हसत उभे राहिले. "म्हंजी बोकडानं आमाला मारलं म्हना की! आन आमी बायकांस्नी बोल लावत हुतो."

तानाजी गोरड, जयमालाचा नवरा, गळ्यात अडकवलेला हात सावरत पुढे आला. "म्या तिला माफ केलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ती, ती न्हवतीच. आमची जयमाला गाय हाय." फौजदार निकम हजर होते. माझ्या अहवालावर त्यांनी हात मोडल्याची जयमालाविरुद्धची तक्रार तिथल्या तिथे निकाली काढली. सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते, मला आवडल्या.

बायका सगळ्या मागे बसल्या होत्या. त्यांनी आधी जेवायला बसावं असं कुणी सुचवलं नाही. मीही नाही.

दर सोमवारी मी गावात येऊन रक्त तपासत राहिले. आकडे उतरत गेले. जयमालाची नाडी एकशे दहा झाली, मग नव्वद, मग शहात्तर. बोटं स्थिर झाली. गालांवर मांस आलं. ती ईश्वरीची वेणी घालताना गुणगुणायची. एकदा मला म्हणाली, "मॅडम, काल दूध उतू गेलं तरी मला राग न्हाई आला. निसती बघत बसले. लई बरं वाटलं." माझे डोळे भरून आले. आमच्या धंद्यात असे दिवस फार येत नाहीत.

सातव्या सोमवारी तिचा डावा डोळा सुजून बंद झालेला होता.

"त्यांचं पलिस्तर निगालं गुरवारी," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत न बघता तिनं रक्तासाठी हात पुढे केला. दंडावर पट्ट्याच्या बक्कलाची चौकोनी खूण होती, आत दोन छिद्रंसुद्धा उमटलेली. त्या दिवशी मी तपासलेल्या अकरा बायकांपैकी सहा जणींच्या अंगावर ताजे वळ होते. गाव आजारातून उठून पहिल्यासारखं झालं होतं.

मी तरातरा सरपंचांकडे गेले. ते खाटेवर पडून होते. "मॅडम, ह्ये घरातलं हाय," ते हसून म्हणाले. "त्याला काय रोग म्हनायचा?"

शाळेच्या खोलीत परत येऊन मी तो बाजूला ठेवलेला कागद काढला. चाळीस पुरुष. चाळीस नॉर्मल. बायकांनी हात उचलला, तर जिल्ह्याला कारण हवं झालं, तीस वर्षं अभ्यास केलेली बाई धाडावी लागली. या चाळीस जणांनी आयुष्यभर हात उचलला आणि त्याचं कारण कुणी मागितलं नाही. मीसुद्धा नाही. मी त्यांच्या नावांपुढे सरळ नॉर्मल लिहिलं आणि पुढे गेले. मला स्वतःची शिसारी आली.

पुढच्या सोमवारी मी गोरडांच्या घरीच गेले. अंगणात बाभळीचा ढाळा पडला होता. जयमाला त्याच्या बारीक फांद्या कुऱ्हाडीनं तोडून करडांना घालत होती. मी तिला दगडावर बसवलं. तिच्या कोपराच्या खळीतून रक्त घेतलं, थेंब यंत्रात सोडला आणि खळीवर कापूस दाबायला दिला. सोनाबाई दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या.

"मॅडम, एक इचारू?" जयमाला हळू आवाजात म्हणाली. "म्या परत गळा खाल्ला तर?"

मला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. "तुझं काळीज वर्षभरात बंद पडेल. आणि तेव्हा राग कुणावर जाईल हे तुझ्या हातात नसेल. ईश्वरीचा कान आठव."

तिनं खळीवरचा कापूस घट्ट दाबला. "न्हाई," मग म्हणाली. "तसलं नगं. पोरीवर गेल्याला हात माजा न्हवता. तसला हात परत नगं मला."

तेवढ्यात फाटक आपटलं. तानाजी ईश्वरीला वेणीला धरून ओढत आत आला. तिनं राखायची दोन करडं शेजारच्या डाळिंबात शिरली होती. त्यानं तिला अंगणात ढकललं आणि पट्टा काढला. बक्कलाची बाजू खाली सोडली.

"सोडा तिला," जयमाला उठून म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

तानाजीनं माझ्याकडे बघून डोळा मारला. "मॅडम, हिचा डोस वाडवा. बोकूड परत बोलाय लागला." आणि त्यानं पट्टा फिरवला. बक्कल ईश्वरीच्या पाठीत बसलं. पोर ओरडलीसुद्धा नाही, नुसता तिचा श्वास आत गेला आणि अडकला. पट्टा दुसऱ्यांदा वर गेला.

जयमालानं ढाळ्याजवळची कुऱ्हाड उचलली. मी उठू शकले असते. नाही उठले. पातं पुढे होतं. तिनं त्या पात्याकडे नीट बघितलं, मग दांडा हातात फिरवून बोथट तुंबा पुढे घेतला आणि तानाजीच्या गुडघ्यावर घाव घातला.

हाड मोडल्याचा आवाज मी अनेकदा ऐकला आहे, पण असा उघड्यावर, सकाळच्या उन्हात नाही. तो कोसळला. पट्टा अजून मुठीत होता. तिनं दुसरा घाव त्या मनगटावर घातला. मूठ उघडली. तो गुरासारखा ओरडू लागला आणि पायाचं हाड नडगीवर कातडी फाडून बाहेर आलेलं बघून आणखी ओरडला. तिसरा घाव तिनं घातला नाही. कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली, पट्टा उचलून अंगणातल्या कोरड्या विहिरीत टाकला आणि पोरीला पोटाशी घेऊन दगडावर बसली. कापूस पडून गेला होता. कोपरातून रक्ताची बारीक धार ईश्वरीच्या झग्यावर गळत होती.

यंत्रानं शिटी मारली. मी आकडे बघितले. थायरॉइडचा रस नॉर्मल. अधिवृक्कचा रस नॉर्मल.

मी तानाजीला फळीवर निजवून त्याचा पाय बांधला, मनगट आवळलं, रुग्णवाहिका बोलावली. तिच्याआधी, तासाभरात, फौजदार निकम आले. माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मागच्यासारखाच दाखला द्या. आजार उलटला म्हणून लिहा. नाहीतर हिला आत घालावं लागेल. लहान पोर आहे तिला."

फळीवरून तानाजी किंचाळला, "लिवा मॅडम! बोकडाचंच हाय त्ये! गळा खाल्ला असंल हिनं चोरून! आमची जयमाला असं करनार न्हाई!"

माझं पेन कागदावर टेकलं होतं. खोटं लिहायला मी तयार होते, हे मी इथे कबूल करते. आयुष्यात एकही आकडा बदलला नव्हता, पण त्या पोरीकडे बघून बदलला असता. नुसतं एक टिंब इकडचं तिकडे करायचं होतं.

"मॅडम." जयमाला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काय आलं मशिनीत?"

"नॉर्मल," मी म्हणाले.

"मंग तेच लिवा."

"जयमाला, तुला तुरुंग होईल."

"हुईल." ती म्हणाली. "मुसळ बोकडानं मारलं, असं तुमीच सांगितलं. म्हनून तर त्ये माफ करून मोकळं झालं, आन पलिस्तर निगाल्यावर परत पट्टा काडला. आता बी बोकडाचं नाव घातलं तर महिन्यानं परत ईश्वरीला पट्टा. ह्यो घाव माजा हाय. पातं फिरवलं म्या. माजं मला भान नसतं, तर फिरवलं असतं का?"

तानाजी तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर वेदनेहून वेगळं काहीतरी होतं. पाचावर धारण बसलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मी आकडे होते तसे लिहिले, खाली सही केली. मग पिशवीतून पुरुषांच्या तपासणीचा तो कागद काढून त्याला जोडला. तानाजी दगडू गोरड, वय बेचाळीस, सगळे रस नॉर्मल. "दोघांचेही लावा," मी फौजदारांना म्हणाले. "आणि पोरीच्या पाठीवर बक्कल बसलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा जबाब आधी घ्या."

सोनाबाईंनी सूप खाली ठेवलं. पोटचा पोर समोर फळीवर बांधलेला होता. त्या त्याच्यापाशी गेल्या, त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "जा तू. पोरीला म्या बघती."

जयमालाला जामीन मिळायला सव्वीस दिवस लागले. खटला अजून चालू आहे. माझी साक्ष झाली. तिच्या वकिलानं मला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं, की आजाराचा अंश राहिला असेल का, आणि मी तिन्ही वेळा नाही म्हणाले, कारण तिनं मला तशी शपथ घातली होती. तानाजीवरही गुन्हा दाखल झाला आहे. तो काठी घेऊन चालतो आणि देवळामागच्या खोलीत एकटा राहतो. मी सोमवारी जाते. आता रक्त घ्यायचं फारसं कारण उरलेलं नाही, तरी जाते. गावातल्या बायका रक्त द्यायला येतात, आणि गेल्या पाच महिन्यांत मला एकीच्याही अंगावर ताजा वळ दिसलेला नाही.

गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या कार्यालयातून पुन्हा पत्र आलं. चिंचखडी येथील पुरुषांकडून होणारी मारहाण अचानक थांबल्याचं आढळून आलं आहे. त्यांना कोणतं औषध दिलं आणि किती मात्रेत, हे कळवावं, म्हणजे इतर गावांतही देता येईल.

मी त्याच दिवशी उत्तर धाडलं. जयमाला तानाजी गोरड, वय अडतीस. सगळे रिपोर्ट नॉर्मल.